सात टिकल्यांची साडी

सांगलीत कापडपेठेच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन मशीन, एक आरसा, एक कपाट आणि बायकांना टेकायला एक बाकडं. त्या बाकड्यावर बसून बायकांनी आजवर जेवढी माणसं उसवली असतील, तेवढे मी कपडेसुद्धा उसवले नसतील. याच बाकड्यावर एका पोरीची अब्रू गेली. ती जात होती तेव्हा मी समोर बसून मशीन चालवत होते, आणि ती जायला कारणही मीच होते. हे आधीच सांगून टाकते. पुढं वाचताना कुणी माझी कड घेऊ नये.

पोरगी गाणारी. आता हळदीला, बैलगाडी शर्यतीला, कॉलेजच्या गॅदरिंगला तिचं गाणं लागल्याशिवाय स्पीकरवाल्याला चैन पडत नाही. पण मी सांगतेय तेव्हा ती नुकतीच कुठं मोबाईलवर दिसायला लागली होती. गाव पाटणच्या पुढचं, खोऱ्यातलं. सांगलीत शिकायला आली, शिकता शिकता गायला लागली. कपडे माझ्याकडं शिवायची. कधी खिशांची विजार, कधी लांब कोट, कधी फाटकं दिसणारं काहीतरी. चांगलं नवं कापड मी तिच्या सांगण्यावरून ब्लेडनं फाडायचे आणि मनात म्हणायचे, आई गं, काय एकेक थेरं!

मला ती मावशी म्हणायची. माप देताना गुणगुणायची, आणि मी टेप गुंडाळून तशीच उभी राहायचे, कारण पोरीच्या गळ्यात काहीतरी होतं. ते काय ते मला सांगता येणार नाही. सांगलीच्या एका पेपरात दर रविवारी गाण्यांवर लिहिणारे एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांनाही सांगता आलं नाही. त्यांनी लिहिलं होतं की आवाज आहे, पण कपडा गाण्याच्या पुढं पुढं चालतो. वाचून मला राग आला. कपडा माझा होता ना!

आणि लोक? लोकांची तर कमालच. गाण्याखाली लिहायचे, "आवाज एक नंबर ताई, पण जरा अंगभर घाला." तिनं अंगभर घातलं की लिहायचे, "पहिल्यासारखी मजा न्हाई राहिली." बाकड्यावरच्या बायका हे मोठ्यानं वाचून हसायच्या. मीही हसायचे. फुकटची करमणूक कुणाला नको असते?

पोरीला मात्र एकाच माणसाचं पडलं होतं. तिची आई ती नववीत असताना गेली. वडील फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले, गावच्या यात्रा कमिटीत मानाचे. त्यांना ती आप्पा म्हणायची. लेकीचं एकही गाणं त्यांनी ऐकलं नव्हतं. कुणी मोबाईलवर लावलं की ते उठून गोठ्यात जायचे. एकदा तिनं धीर करून विचारलं, तर म्हणाले, "मोबाईलवर कोन पन गातंय. गावच्या यात्रंत मांडवात हुबी राहून गा. म्होरल्या खुर्चीत बसून ऐकतो का न्हाई बघ."

तेव्हापासून पोरीनं तेच धरलं होतं. "मावशी, मला पुण्या-मुंबईचं काय न्हाई," ती म्हणायची. "आप्पा म्होरल्या खुर्चीत बसलेलं एकदा बघायचंय. मग लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

त्या वर्षी चैत्रातल्या यात्रेला कमिटीनं तिला बोलावलं. सांगायला आली तेव्हा पोरगी नाचायचीच बाकी होती. आधी एक नवं गाणं काढायचं, यात्रेत तेच म्हणायचं, असं तिनं ठरवलं होतं. गाणं आईच्या साडीवर होतं. जेवून उठलेली लेक आईच्या पदराला हात पुसते, आणि आई गेल्यावर हात कुठं पुसायचे तेच तिला कळत नाही, असं काहीतरी. तिनं मला ते माप देतानाच म्हणून दाखवलं. माझी आई आठवून मी टेपनंच डोळे पुसले.

मग तिनं पिशवीतून साडी काढली. हिरवी, लाल काठाची. आईची.

"ह्याची शिवलेली नऊवारी करून द्या, मावशी. आप्पांनी ट्रंकेतनं स्वतः काढून दिलीय. कशाला पायजे म्हणून विचारलं पन न्हाई."

सहावारीतून नऊवारी काढायची म्हणजे हात राखून कापावं लागतं. पदर आधी वेगळा काढायचा, मग काष्ट्याचा काठ जपत जपत खाली यायचं. मी शेकड्यानं शिवल्यात. तिला म्हटलं, "बिनघोर जा."

गॅदरिंगचा हंगाम होता. जानेवारीत आमच्याकडं शाळाशाळांच्या नऊवाऱ्यांचा नुसता ढीग पडतो. आमच्या धंद्यात मापाची वही असते, एका पानावर एक गिऱ्हाईक, आणि पान चुकू नये म्हणून त्याच्या कापडाची चिंधी टाचणीनं पानाला लावलेली. त्याच आठवड्यात पाचवीतल्या एका मुलीची साडी आली होती. तीही हिरवी, लाल काठाची. आमच्याकडं घरटी एक हिरवी साडी असतेच, त्यात नवल ते काय? मी चिंधी बघितली आणि पान उघडलं. पानावरचं नाव वाचायची तसदी घेतली नाही. इतकी वर्षं शिवतेय, मला काय नाव वाचायचंय!

भर दुपारी, दुकानात कुणी नसताना, मी त्या पोरीच्या आईची साडी पाचवीतल्या मुलीच्या मापानं कापली.

कापून झाल्यावर तुकडे उचलले तेव्हा काठ माझ्या गुडघ्यापाशीच संपला. क्षणभर कळेचना. मग वही बघितली आणि पानावरचं नाव वाचलं. पदर तेवढा अखंड होता. बाकी सगळ्याचे तुकडे. जोड लावून बघितला, उलटा लावून बघितला. काष्ट्याचा काठ मधोमध तुटला होता, तो जोडला असता तर कॅमेऱ्यात ठिगळ दिसलं असतं.

फोन करून सांगायचं होतं. एवढंच करायचं होतं. पोरगी रडली असती, ओरडली असती, दुसरं काहीतरी नेसून गायली असती. पण माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. तिचं दुःख आलं नाही. "सांगलीतल्या बाईनं मेलेल्या आईची साडी चिरली" हे बाकड्यावर बसून कोण कोण बोलेल, ते आलं.

मी कपाट उघडलं. कपाटात एक हिरवी साडी होती, तशीच लाल काठाची. देवीच्या ओटीची. जवळच्या एका देवळातल्या पुजारीणबाई माझ्या गिऱ्हाईक. देवीला आलेल्या साड्या त्या प्रसाद म्हणून बायकांना वाटायच्या. मला देताना म्हणाल्या होत्या, "सणाला नेसा, वहिनी. कात्री लावू नका आन् दुसऱ्याला देऊ नका." आमच्याकडं हे सांगायला लागतच नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. मी कात्रीही लावली आणि दुसऱ्यालाही दिली. देवीला मनातल्या मनात हात जोडले, म्हटलं, आई, तूच सांभाळून घे. देवी काय माझ्या चुका झाकायला बसलीय?

त्या साडीच्या पदरावर सोनेरी टिकल्यांची एक ओळ होती, हातानं टाचलेली. सात टिकल्या. काढून टाकायला पाच मिनिटं लागली नसती. पण लाइटात चमकतील, शोभतील, असं वाटलं आणि ठेवल्या. शिवणाऱ्या बाईची हौस, दुसरं काय.

पोरगी घालून बघायला आली. अंगाला असं चोख बसलं होतं की मी स्वतःवरच खूश. आरशात ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग पदर हातात घेऊन म्हणाली, "ह्या टिकल्या?"

"मी लावल्या," मी म्हटलं. "आवडल्या न्हाईत का?"

"लय आवडल्या. आईला पन आवडल्या असत्या." तिनं पदर नाकाशी धरला. "ट्रंकेचा वास गेला बघा."

"इस्त्री केली ना," मी म्हटलं. खोटं बोलायला एकदा सुरुवात झाली की पुढचं आपोआप सुचत जातं.

गाणं आलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. म्हाताऱ्या बायका गाणं ऐकून रडतानाचे व्हिडिओ पोरांनी टाकले. फौजेतली पोरं सीमेवरून लिहायची, "ताई, आईची आठवण आली." आधी नावं ठेवणारेच म्हणायला लागले की ही खरी आपली पोरगी. प्राध्यापकांनी अख्खा रविवार तिला दिला. लिहिलं की या वेळी कपडा आणि सूर एकाच घरचे वाटतात, त्या साडीत एक अस्सलपणा आहे जो विकत मिळत नाही. मी ते कात्रण आरशाशेजारी टाचलं. अस्सलपणा म्हणे! तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते बोटानं दाखवायचेच, आपली गिऱ्हाईक म्हणून; साडी कुणी शिवली ते मात्र सांगायचे नाही.

आणि मग गाण्याखाली एका बाईनं लिहिलं, "ही माझ्या नवसाची साडी हाय. नातू झाला म्हणून देवीला नेसवली होती. टिकल्या मी माझ्या हातानं लावल्यात." सोबत फोटो. देवीच्या अंगावर साडी, पदरावर सात टिकल्या.

झालं. दोन दिवसांत सगळं उलटं फिरलं. "देवीची साडी नेसून नाचती, लाज न्हाई." "पैशासाठी काय पन करतील." मोबाईलवर बातम्या सांगणारा एक जण देवळाच्या दारात उभा राहून ओरडून ओरडून प्रश्न विचारायला लागला. आधी रडणाऱ्या बायकाच आता बोटं मोडायला लागल्या. पोरीनं एक व्हिडिओ टाकला. मेकअप नाही, डोळे सुजलेले. म्हणाली, "मी देवीची शपथ घेऊन सांगते, ही माझ्या आईची साडी आहे. टिकल्या शिवणाऱ्या मावशींनी लावल्यात." माझं नाव घेतलं नाही, गावही सांगितलं नाही. मी काम सोडून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला, खात्री करायला.

त्यावर लोक काय म्हणाले? "फोटो खोटा आणि तू खरी व्हय?" "मेलेल्या आईला मधी आणती." पुढच्या रविवारी प्राध्यापकांनी लिहिलं की हल्ली दुःखाचंसुद्धा दुकान मांडतात आणि आपण भाबडे लोक फसतो. फसलो हे त्यांनी लिहिलं खरं, पण आपणच अस्सल म्हणालो होतो ते मात्र लिहिलं नाही. मी मागचं कात्रण काढून टाकलं. टाचणीचं भोक भिंतीत तसंच राहिलं.

बाकड्यावर तेव्हा दुसरा विषय नव्हता. एक दिवस तीन-चार जणी बसल्या होत्या, त्यात त्या पुजारीणबाईही. त्या सारखं म्हणत होत्या, "म्या कुनाकुनाला साड्या दिल्या, काय ध्यानात ऱ्हातंय व्हय? कुठल्या भवानीनं इकली आसंल!" मी मान खाली घालून बटणाला काजं करत होते. तेवढ्यात एकीनं विचारलं, "आवं काकू, त्या पोरीचे कपडे तुमीच शिवता न्हवं?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

"विजारी, कोट शिवते," मी म्हटलं. "ही नऊवारी माझ्या हातची न्हाई. मी आसली कामं घेत न्हाई बाई."

एवढ्यावर थांबायचं ना? पण चोराच्या मनात चांदणं. कुणी काही विचारायच्या आत मीच पुढं म्हणाले, "आजकालच्या पोरींना देव न्हाई आन् धर्म न्हाई." बायकांनी मान डोलावली. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आज जेवढी शिसारी येते, तेवढी दुसऱ्या कशाचीच येत नाही.

गावच्या कमिटीनं तिचं आमंत्रण मागं घेतलं. वडील कमिटीत असून काही बोलले नाहीत. मग ती माझ्याकडं आली. दुकान बंद करायच्या वेळी, तोंडाला ओढणी बांधून. आली तशी बाकड्यावर बसली, जिथं तिची चामडी सोलायचं काम दिवसभर चालायचं तिथंच.

"मावशी, खरं सांगा," ती म्हणाली. "ही आईचीच साडी हाय न्हवं? कुठं बदलली तर न्हाई? हंगामात गर्दी असती. मी रागावनार न्हाई, देवाशप्पथ. फकस्त सांगा."

याहून सोपं करून कुणी कुणाला विचारतं का? दार सताड उघडून दिलं होतं पोरीनं.

"तीच हाय गं," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांदेखत कापली."

तिनं सुस्कारा सोडला. "मग तुमी एकदा कॅमेऱ्यासमोर सांगाल का? टिकल्या मी लावल्या म्हनून? तुमचं तोंड दाखवायचं न्हाई."

"मला नको बाई त्यात ओढू. धंद्यावर पोट हाय."

तिला पटलं! "व्हय, तुमाला कशाला तरास," असं म्हणाली. उठताना तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला होता. "तुमी सांगितलंत म्हनून जीवात जीव आला. मलाच माझा भरोसा वाटंना झाला होता. आता नऊवारी घेऊनच घरला जाते. आप्पा आईची साडी वळखतील. बाकी दुनिया गेली उडत."

मी तिला थांबवलं नाही. तिला दारापर्यंत सोडलं, वर जपून जा म्हटलं.

तिथं काय झालं ते मला पुढं कळलं. आप्पांनी नऊवारी हातात घेतली, पदर उलगडला, उलटा केला, परत सुलटा केला. मग घडी करून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आईच्या नावानं तरी खोटं बोलू नगंस." आणि गोठ्यात गेले. ती त्याच पावली परत आली आणि वर्षभर घरी गेली नाही.

माझ्या दुकानातही पुन्हा आली नाही. माझ्यावर राग नव्हता. लाजेनं येत नव्हती. तिलाच वाटत होतं की कुठंतरी आपलंच काहीतरी चुकलं. हे तिच्या मैत्रिणीनं, एका ब्लाउजच्या निमित्तानं आली तेव्हा सांगितलं. मी मापाची वही उघडून बसले होते. त्या पानावर अजून हिरवी चिंधी होती.

पोरगी गात राहिली, पण साडीला हात लावला नाही. शर्ट-पँट घालून, केस कापून, पुण्याकडच्या पोरांबरोबर इंग्रजी ठेक्याची गाणी. ती चालली, खूप चालली. लोकांनी देवीचं प्रकरण विसरूनही टाकलं. लोकांना काय, रोज नवं लागतं. वर्षानं प्राध्यापकांनी परत लिहिलं, की ही मुलगी मातीतून आली आणि मातीला विसरली, यश मिळालं की माणसं आईची भाषा आणि आईचे कपडे आधी टाकतात. बाकड्यावर ते कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, "बरोबर लिवलंय."

मी मशीन थांबवली. आईचे कपडे आधी टाकतात म्हणे! आईचे कपडे माझ्या मशीनच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होते, तुकडे तुकडे होऊन, जुन्या उशीच्या अभ्र्यात.

तरीही त्या बायकांसमोर मी तोंड उघडलं नाही. एवढंही धाडस नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्रा पिशवीत घातला आणि एस.टी. धरली. कराडला गाडी बदलली, पाटणला पुन्हा बदलली. प्रत्येक स्टँडवर वाटायचं, उतरावं आणि परत फिरावं.

आप्पा पडवीत बसून वैरणीची दोरी वळत होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, चटई टाकली. मी तुकडे त्यांच्यासमोर मांडले. मग पदर.

त्यांनी पदर उचलला आणि थेट कोपऱ्यापाशी गेले. तिथं एक रफू होता, नखाएवढा. मी कापताना बघितला होता, पण माझ्या लेखी तो नुसता रफू.

"हितं उदबत्ती माझ्या हातनं लागली," ते म्हणाले. "लग्नानंतरच्या पयल्या रजेला. पूजंला बसलो होतो. लय शिव्या घातल्या तिनं." रफूवर अंगठा ठेवून म्हणाले, "पोरीनं आनली त्यात रफू नव्हता. मी म्हनलं, पोरगी माझ्याशी पन खोटं बोलाय लागली."

तेव्हा मी सगळं सांगितलं. पान चुकलं इथपासून ते "तीच हाय गं" इथपर्यंत. रडले, पण त्यांनी माझ्या रडण्याकडं लक्ष दिलं नाही, आणि ते बरंच केलं. मांडीवर पदर ठेवून त्यांनी फोन लावला. वर्षात पहिल्यांदा बापाचा फोन बघून पोरगी घाबरली असणार. पलीकडून मोठ्यानं आवाज आला, "आप्पा? काय झालं? बरं हाय न्हवं?"

"साडी घावली," ते म्हणाले. त्यांनी फोन माझ्याकडं दिला. "तुमी सांगा."

मी सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल, आणि देवाशप्पथ, मला त्या हव्या होत्या. शेवटी ती एवढंच म्हणाली, "पन मावशी, मी इचारलं होतं की तुमाला."

आजही मशीनवर बसले की ते वाक्य कानात येतं. ओरडून नाही, अगदी साधं. मी इचारलं होतं की तुमाला.

निघताना आप्पा दारापर्यंत आले. म्हणाले, "बाई, तुमी मला सांगितलंत, बरं केलंत. पन तिची बदनामी काय माझ्या एकट्याच्या पडवीत झाली न्हाई. यात्रंला या. माईकवर हुबं राहून चार लोकांत सांगा."

"येते," मी म्हटलं.

मी गेले. त्या चैत्रात कमिटीनं तिला बोलावलं, आप्पांनी भांडून बोलवायला लावलं. मी बायकांत बसले होते. काय बोलायचं ते एस.टी.त घोकून पाठ केलं होतं. आप्पा इस्त्रीची टोपी घालून म्होरल्या खुर्चीत, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मी त्यांच्याकडं बघत होते, आणि कधी खूण करतात याची वाट बघत होते.

ती आली. साधा पांढरा पंजाबी ड्रेस, आणि ओढणीच्या जागी आईचा पदर. मांडवात कुजबूज झाली. मला लांबूनही पदराची कड दिसली. मशीनची शिलाई नव्हती. जाड दोऱ्याची हाताची टीप, सरळ, फौजेत बटण लावतात तशी पक्की. घरात शिवणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिनं माईक हातात घेतला. आप्पा माझ्याकडं वळले आणि मी उठायला हात जमिनीवर टेकले. पण तेवढ्यात तिचीही नजर माझ्यावर पडली, आणि तीच बोलायला लागली.

"मागल्या वर्षी मी देवीची साडी नेसले," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. आईची साडी शिवाय दिली होती, ती कापताना बिघडली आन् तिच्या जागी दुसरी आली. कुनी मुद्दाम केलं न्हाई. चुकून झालं. देवीची आन् ज्या आजींच्या नवसाची साडी होती त्यांची मी माफी मागते. हा आईचा पदर."

मागून कुणीतरी शिट्टी मारली, आणि टाळ्या सुरू झाल्या. वर्षभर शिव्या देणारे तेच हात. आप्पा पुढं वळून बसले.

चुकून झालं, म्हणाली ती. मापाचं पान चुकलं, ते चुकून. पण टिकल्या मी लावल्या म्हणाले ते? बाकड्यावर तिला देवधर्म शिकवला तो? दोन हात पुढं करून विचारायला आलेल्या पोरीला "तीच हाय गं" म्हटलं ते? ते सगळं मी शुद्धीवर राहून केलं होतं. हे सांगायलाच मी आले होते. माईक दहा पावलांवर होता. उठले असते तर आप्पांनीच वाट करून दिली असती.

पोरीनं मला झाकलं होतं, आणि मला काय वाटलं? हायसं वाटलं. परत तेच.

मी जमिनीवर टेकलेले हात उचलले. तिनं गाणं सुरू केलं, आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.